बॅनरमागची बिडी

सगळ्यात आधी सांगून टाकतो, मला साखर नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता दुकानावर पाटी लावावी असं वाटतं. डाव्या पायाचा अंगठा नसलेला माणूस दिसला की आपल्याकडे जो तो डॉक्टर होतो. "साखर असेल," म्हणतात. "भात बंद करा, कारल्याचा रस घ्या." अरे बाबांनो, साखर तीनदा तपासली. माझा अंगठा बिडीने खाल्ला. हे सांगितलं की मग समोरचा हसतो, कारण त्याच्या खिशातही बंडल असतं.

मी धुळ्यात आग्रा रोडला दुकान चालवतो. सत्काराचं सामान विकतो. शाली, फेटे, स्मृतिचिन्हं, बिल्ले, सन्मानपत्राच्या चौकटी असलं सगळं. कोणी निवडून आलं, कोणी निवृत्त झालं, कोणाचं पोरगं पास झालं की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. नारळ तेवढा शेजारून आणतात. या धंद्याचा आणि माझ्या आजाराचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तोच तर सांगायला बसलो आहे.

चप्पल चावली

सुरुवात अगदी फालतू झाली. अंगठ्याच्या बाजूला छोटी जखम. नवी चप्पल चावली असेल म्हणून मी हळद लावली. ती बरी होईना. त्याआधी बरेच महिने चालताना पोटरी आवळून यायची. आम्ही देवपूरला राहतो. पांझरा नदीचा पूल ओलांडून दुकानात चालत जायची माझी जुनी सवय. पुलाच्या मध्यावर पोचलो की पोटरीत असा गोळा यायचा की कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. थोडं थांबलं की बरं वाटायचं. थांबलोच आहे तर एक बिडी पेटवायची, असा माझा हिशेब. दुखणं बिडीने आणलं होतं आणि त्या दुखण्याच्या निमित्ताने मी बिडीच ओढत होतो. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

अंगठा जांभळा पडला तेव्हा बायको, सुनंदा, मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी आधी पायावर दोन बोटं ठेवून नाडी शोधली. मग दुसऱ्या जागी. मग घोट्याच्या मागे. त्यांची बोटं जागा बदलत राहिली, नाडी काही लागेना. नंतर त्यांनी पाय सोडला आणि माझा उजवा हात उचलून बोटं पाहिली. पिवळी होती.

"बिडी?"

"हो."

"लहानपणापासून?"

"कॉलेजपासून."

ते म्हणाले, पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या बंद होत चालल्या आहेत. गोळ्या देतो, जमेल ते करतो. पण बिडी चालू असली तर यातलं काहीही चालणार नाही. अंगठा जाणार, तो वाचत नाही. त्याच्या वरचं सगळं तुमच्या हातात आहे.

मी दुकानदार माणूस. घासाघीस अंगात मुरलेली. म्हणालो, "डॉक्टर, एकदम नाही, पण कमी केली तर?"

"तर पायही एकदम नाही जाणार," ते म्हणाले. "थोडा थोडा जाईल."

सुनंदा बाहेर येऊन बाकड्यावर बसली आणि रडली. मला राग आला. तिचा नाही, डॉक्टरांचाही नाही. घराण्यात सगळे बिडी ओढत आले, माझा काका म्हातारा होऊन झोपेत गेला, आणि हे माझ्याच वाट्याला का, याचा राग. तो राग पुढे बरेच दिवस मला पुरला.

शेजारची खाट

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर देविदास नाना होते. सोनगीरचे, हायवेला फाट्यावर चहाची टपरी. वयाने माझ्यापेक्षा थोडे मोठे, अंगाने काटक, आणि आजार तोच. त्यांची दोन बोटं गेली होती. पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की दुखणं जरा कमी होतं, ही युक्ती त्यांनी मला शिकवली. दोघं आपापल्या खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचो, नदीवर बसल्यासारखे.

ड्रेसिंगची वेळ झाली की गाडीची चाकं वाजायची आणि वॉर्डातली बडबड बंद व्हायची. नाना तेवढ्यातही बोलत राहायचे.

"भाऊ, बठ्ठी दुनिया बिडी पेस," ते त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, म्हणजे सगळी दुनिया ओढते. "पाय मातर आपलाच गया."

"साखर असेल नाना," मी म्हणायचो, आणि आम्ही दोघं दात आवळून हसायचो, कारण पट्टी सुटत असायची.

पण खोटं कशाला सांगू? अंगठा काढून जेमतेम वॉकर घेऊन चालायला लागलो, तर माझं पहिलं लक्ष गेलं ते खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यापलीकडच्या पानटपरीकडे. अंगठा गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त तलफ होती. ज्यांना हे व्यसन नाही त्यांना हे पटणार नाही, आणि मी पटवतही नाही. माणूस मूर्ख नसतो, पाय जाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी हात खिशात जातो.

घर

घरी आल्यावर सुनंदा माझे शर्ट हुंगायला लागली. मी बाथरूममधून आलो की दाराशी उभी. गॅलरीतून आलो की जवळ येऊन काहीतरी विचारायचं निमित्त. एकदा मी ओरडलो, "पोलिसी कुत्रा आहेस का तू?" तिने हातातली परात ओट्यावर आदळली आणि म्हणाली, "आहे. कारण चोर घरात आहे." त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही.

दुकान त्या काळात तिनेच सांभाळलं, आणि माझ्यापेक्षा बरं सांभाळलं. ती घासाघीस करत नाही, एकदा भाव सांगितला की सांगितला. संध्याकाळी थकून यायची, माझ्या पायाची पट्टी बदलायची आणि मग हुंगायची. मला तिची कीवही यायची आणि चीडही. दोन्ही एकाच वेळी.

मी बिडी सोडली होती, पण ती रोज नव्याने सोडावी लागत होती आणि त्यात मी एकटा होतो. सुनंदा पहारेकरी होती, डॉक्टर न्यायाधीश. सोबतीला कोणी नव्हतं.

रविवारची बैठक

डॉक्टरांनीच सांगितलं की देवपूरला एक मंडळ आहे, दर रविवारी सकाळी बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांची बैठक घेतं. निवृत्त मुख्याध्यापक सोनवणे सर ती चालवतात. मी नाक मुरडत गेलो. वाटलं, फळ्यावर फुप्फुसांचं चित्र काढून ओरडणार.

तसं झालं नाही. सतरंजीवर गोल करून लोक बसले होते. रिक्षावाले, एक बँकेतला, एक गवंडी, दोन कॉलेजची मुलं. जो तो सांगत होता, तलफ कधी येते, तेव्हा काय करतो. कोणी बडीशेप चघळतो, कोणी दात घासतो. गवंडी म्हणाला, "मला तलफ येत नाही, मला रिकामे हात येतात." त्या वाक्यावर मी मान डोलावली आणि त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. आणि पलीकडे पाहतो तर देविदास नाना, काठी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनाही डॉक्टरांनीच पाठवलं होतं.

सरांनी प्रत्येकाला एक जोडीदार दिला होता. तलफ आली की जोडीदाराला फोन करायचा, आणि त्याने हातातलं काम टाकून बोलायचं. उपदेश करायचा नाही, फक्त बोलायचं, ती लाट जाईपर्यंत. नाना आणि मी जोडीदार झालो.

"भाऊ, तलफ ऊनी. बोल काहीतरी."

मग मी बोलायचो. कोणत्या पुढाऱ्याने शालीत कशी काटकसर केली, कोणत्या संस्थेने पाच वर्षं तीच शाल धुऊन धुऊन वेगवेगळ्या पाहुण्यांना घातली. नाना हसायचे. चहा उकळल्याचा आवाज यायचा. मग म्हणायचे, "गयी. ठेव." दुसऱ्या वेळी मी फोन करायचो आणि ते हायवेवरच्या गमती सांगायचे.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. पुढे मी या मंडळावर तोंडसुख घेणार आहे, म्हणून आधी हेही सांगितलं पाहिजे. माझी बिडी डॉक्टरांनी सोडवली नाही, बायकोने नाही, भीतीनेही नाही. ती त्या सतरंजीने आणि त्या फोनने सोडवली. जखम भरत आली. सुनंदाने हुंगणं बंद केलं. कधी बंद केलं ते मला कळलंही नाही, एक दिवस लक्षात आलं की ती आता दाराशी उभी राहत नाही.

शाल आणि श्रीफळ

मग आम्ही सत्कार केला.

तो झाला नसता तर आपण आपण नव्हे. चार माणसांनी काही चांगलं केलं की आपल्याला चैन पडत नाही, त्यांना खुर्चीवर बसवून हार घातलाच पाहिजे. मंडळाचा वर्धापन दिन आला. सरांनी मला बाजूला घेतलं. "प्रकाशभाऊ, ज्यांनी बिडी सोडली त्यांचा जाहीर सत्कार करायचा. लोकांना प्रेरणा मिळेल. शाली तुमच्याकडूनच घेऊ."

मी खूश. स्वतःच्या दुकानातल्या शाली गठ्ठा बांधून घेऊन गेलो आणि त्यातलीच एक पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर टाकली. नानांना मोरपंखी शाल मिळाली, मीच त्यांच्यासाठी निवडून ठेवलेली. फेटा बांधल्यावर नाना नवरदेवासारखे दिसत होते. अक्का, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आठवड्याभरात बॅनर लागले. एक देवपूरला चौकात, एक सोनगीर फाट्यावर, बरोबर नानांच्या टपरीच्या बाजूला. फेटे घातलेले आमचे चेहरे आणि खाली मोठ्या अक्षरात, "व्यसनावर मात करणारे आमचे प्रेरणास्थान."

प्रेरणास्थान! त्या एका शब्दाने आमचा घात केला. आधी मी बिडी सोडत असलेला माणूस होतो. आता सोडलेला झालो. सोडत असलेल्याला तलफ येऊ शकते. प्रेरणास्थानाला कशी येणार? बैठकीत सर मला आता गोलात बसवत नव्हते, बाजूला खुर्ची देत होते. नव्या माणसांना सांगायचे, "यांच्याकडे पाहा." तलफेबद्दल बोलायला तोंड उघडावं तर समोर बसलेली मंडळी वही-पेन घेऊन तयार, जणू मी आता सुविचार सांगणार.

नानांचे फोन कमी झाले. माझेही. मला वाटलं, त्यांना आता गरज राहिली नाही. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार.

दुःखाची बिडी

सावद्याला माझे सासरे वारले. केळीच्या बागा, मोठं घराणं, दारात मांडव. पुरुष मंडळी खाली बसलेली, आणि आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून असतं तसं ताट फिरत होतं. ताटात बिडीचं बंडल, काडेपेटी, सुपारी, तंबाखू. जो येतो तो एक उचलतो, पेटवतो आणि मग बोलणं सुरू होतं.

ताट माझ्यापुढे आलं. मी हात जोडले. सासऱ्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी ताट पुढे केलं तसंच धरून ठेवलं.

"घ्या जावईबापू. दुखाची बिडी हाय, तिले नाही म्हनू नही."

मी पायाचं सांगितलं. ते म्हणाले, "साखर असंन." मांडवातले सगळे माझ्याकडे बघत होते. जावई दुःखात सामील व्हायलाही तयार नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी घेतली. पेटवली. आणि सांगतो, इतकी गोड बिडी मी आयुष्यात ओढली नव्हती.

धुळ्याला परतलो तो बंडल घेऊनच. सुनंदा माहेरीच राहिली होती, वडिलांच्या दिवसांसाठी. हुंगणारं कोणी नव्हतं. थोड्याच दिवसांत अंगठ्याशेजारचं बोट दुखायला लागलं, मग त्याचा रंग बदलायला लागला. मला काय होतंय ते ठाऊक होतं. मी घाबरलो. इतका घाबरलो की रविवारी बैठकीला जाऊन सगळं सांगून टाकायचं ठरवलं.

टाळ्या

गेलो तर सतरंजी नव्हती. खुर्च्या, माईक, पाहुणे. मी सरांचा हात धरला. "सर, मला बोलायचं आहे. माझी परत सुरू झाली."

"अहो भाऊ, हळू," सर म्हणाले. "आज पाहुणे आलेत. नंतर बसू आपण निवांत. तुम्ही चार शब्द बोला फक्त."

"तेच चार शब्द बोलायचे आहेत, सर!"

पण सर हार शोधायला गेले होते. मला स्टेजवर बसवलं. सूत्रसंचालकाने माझं वर्णन केलं, ते ऐकताना मलाच वाटलं हा कोण थोर माणूस. माईक हातात आला. पाय ठणकत होता. मी म्हणालो,

"मंडळी, मी परत बिडी ओढायला लागलो आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी अतिशयोक्ती करत नाही. मी थांबलो, म्हणजे टाळीची जागा आली, एवढंच त्यांना कळलं. कोणी ऐकतच नव्हतं. माझा जन्म अशा कार्यक्रमांत गेला, मला माहीत आहे की कोणी ऐकत नसतं. मी परत म्हणालो, "खरंच सांगतो, काल संध्याकाळीसुद्धा ओढली." पुढच्या रांगेतले दोघं चमकले. तेवढ्यात सूत्रसंचालकाने माझ्या हातातून अलगद माईक घेतला. "काय ही विनम्रता! एवढं यश मिळवूनही भाऊ स्वतःला अपूर्ण समजतात." पुन्हा टाळ्या. पाहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी येऊन मी हातातला गुच्छ भिंतीवर फेकून मारला. त्यानंतर मी बैठकीला जायचं बंद केलं.

सोनगीर

नानांची बातमी अक्कांनी फोनवर दिली. पाय गुडघ्याखालून काढला. सुनंदा तोवर परत आली होती. तिला माझ्याबद्दल सगळं कळलं होतं, पहिल्या दिवशीच कळलं, हुंगायचीसुद्धा गरज पडली नाही. आता एवढंच म्हणाली, "जाऊन या. मी येते सोबत."

नाना टपरीमागच्या खोलीत खाटेवर होते. पँटचा एक पाय दुमडून पिन लावलेला. मला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मग हळूहळू बोलायला लागले.

सत्कारानंतर महिनाभरातच त्यांची परत सुरू झाली होती. टपरीवर ओढावी तर समोर येणारं गिऱ्हाईक बॅनर बघायचं आणि मग त्यांच्याकडे. "नाना, तुम्हीच ना हे?" म्हणून कौतुक करायचं. मग ते उठून बॅनरच्या मागे जाऊन ओढायचे.

"पुढे मनं थोबाड, आनि मागे मी," नाना म्हणाले. "रोज तठेच पिधी."

"मला फोन का नाही केला, नाना?"

"तुले कसा करू? तू बी बॅनरवर, मी बी बॅनरवर. लोके काय म्हनतीन?"

पाय काळा पडायला लागला तरी ते डॉक्टरांकडे गेले नाहीत. डॉक्टर पहिलं हेच विचारणार होते. ज्या माणसाला आम्ही शाल घातली तो त्या शालीच्या लाजेपायी पाय कुजेपर्यंत गप्प बसला. मला इतका संताप आला की तिथे बसवेना. माझ्या दुकानातून निघालेली शाल होती ती, मीच निवडलेली.

अक्कांनी चहा आणला. खिडकीतून बाहेर चुलीचं सरपण दिसत होतं, त्यावर बॅनर टाकलेला. त्यांनीच तो फाडून आणला होता आणि नानांचा चेहरा खाली करून पसरला होता. "चहा ल्या भाऊ," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

निघताना नानांनी उशीखालून मोरपंखी शाल काढली. घडी मोडलेली नव्हती.

"हाई वापस लई जाय, भाऊ. माले नही पेलत."

माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी शाल घेतली. गाडीत सुनंदाने ती मांडीवर ठेवली आणि धुळं येईपर्यंत तिच्यावरून हात फिरवत राहिली. देवपूरला उतरताना मी खिशातलं बंडल तिच्या हातात दिलं. ते शेवटचं असं मी म्हणणार नाही. म्हणायला लागलो की पुन्हा कोणी हार घेऊन येईल.

भांडण

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेलो आणि शाल त्यांच्या टीपॉयवर टाकली. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सरांचा चेहरा पडला. ते बिचारे खरंच भले गृहस्थ आहेत, पदरचा वेळ आणि श्रम घालून हे चालवतात.

"प्रकाशभाऊ, मी जन्मभर पोरांना शाबासकी देऊनच शिकवलं," ते म्हणाले. "मारलं कधीच नाही. शाबासकीने माणूस पुढे जातो असंच मला वाटत आलं."

"सर, तुमच्या शाळेत नापास झालेल्या पोराला पुन्हा त्याच वर्गात बसता येत होतं ना?"

"हो."

"आमच्या वर्गात येत नाही. आम्ही नापास झालो तर तुम्ही आम्हाला स्टेजवर बसवता."

सरांनी शाल उचलून मांडीवर घेतली. मग त्यांनी विचारलं, नाना येतील का? मी म्हणालो, मला माहीत नाही. माझा राग तेव्हाही गेला नव्हता. अजून पुरता गेलेला नाही. सरांनी माफी मागितली तरी नानांचा पाय काही परत येणार नव्हता.

रविवार

त्या रविवारी माईक नव्हता. सतरंजी होती. देवपूरच्या चौकातला बॅनर सरांनी स्वतः उभं राहून उतरवला होता. नाना आले, कुबड्या घेऊन, अक्का सोबत. मी धावत गेलो, म्हणजे माझ्या पायाने जेवढं धावता येतं तेवढं. त्यांना धरून बसवताना विचारलं, "नाना, एवढा त्रास घेऊन कशाला?"

"आजून एक पाय शे ना, भाऊ. त्यानाकरता ऊनू."

सर गोलात सगळ्यांसोबत खाली बसले. घसा साफ केला. आणि आजवर त्या खोलीत कोणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"या आठवड्यात कोणी कोणी ओढली?"

नानांनी हात वर केला.

"काल पिधी मी. एक."

सरांचे दोन्ही हात सवयीने टाळीसाठी जवळ आले. मी पाहिलं. त्यांनी ते मध्येच थांबवले आणि मांडीखाली दाबून ठेवले. मी हात वर केला. माझ्यानंतर गवंड्याने केला. मग बँकेतल्या साहेबांनी, जे मागच्या सत्काराला माझ्या शेजारी फेटा बांधून बसले होते. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. पाठीवर थाप कोणी मारली नाही. नानांनी डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली, तलफ कुठे आली, तेव्हा काय झालं.

माझ्या बोटाचा रंग सुधारतो आहे असं डॉक्टर म्हणतात. सांगता येत नाही, असंही म्हणतात. नानांना दुसऱ्या पायाची नाडी लागते, मंद, पण लागते. ती मोरपंखी शाल सरांनी परत पाठवली. ती दुकानात वरच्या फळीवर आहे. सुनंदा ती कोणाला दाखवत नाही, आणि मी विचारत नाही.

परवा संध्याकाळी एका संस्थेचे लोक आले होते, त्यांना बऱ्याच शाली हव्या होत्या. मी एकेक उलगडून दाखवत होतो. फोन वाजला.

"भाऊ, तलफ ऊनी. बोल काहीतरी."

मी हातातली शाल तशीच अर्धी उलगडलेली गल्ल्यावर टाकली, गिऱ्हाइकाकडे पाठ केली आणि बोलायला लागलो.